लक्ष देत नाही, की लक्ष तुटतं?

पत्र

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत आठ वर्षांपासून शिकवते. तिसरी-चौथी माझ्याकडे आहे. चौथीतला एक मुलगा वाचता वाचता मध्येच गप्प व्हायचा, एकटक बघत राहायचा. हाक मारली तरी ओ द्यायचा नाही. मला वाटायचं, मुद्दाम करतोय. दोनदा मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं. गेल्या महिन्यात परिपाठ चालू असताना तो एकदम खाली पडला आणि त्याला झटके यायला लागले. कुणी चप्पल हुंगवली, कुणी दातांत चमचा घातला. त्याच्या ओठातून रक्त आलं. मी नुसती उभी होते. जिल्हा रुग्णालयात अपस्मार असल्याचं सांगितलं, औषध सुरू झालं. आता तो शाळेत येतो, पण दोन पालक म्हणतात, आमच्या पोराला त्याच्याजवळ बसवू नका. पुन्हा झटका आला तर काय करायचं, मला माहीत नाही. आणि रात्री एकच विचार छळतो. बाकीच्या ३६ मुलांतही कुणाला असंच काही असेल आणि मला ते दिसत नसेल तर? मी डॉक्टर नाही. मी नेमकं काय बघायचं?

— एक शिक्षिका

उत्तर

ताई,

आधी त्या मुलाशी बोला. बाकीचं सगळं नंतर.

त्याला जवळ बसवा आणि सांगा, "तू मध्येच गप्प व्हायचास तेव्हा मला वाटायचं, तू ऐकत नाहीस. ते तुझ्या हातात नव्हतं, हे मला माहीत नव्हतं. तुला बाहेर उभं करायला नको होतं." तुम्हाला वाटतं त्याहून त्याला या बोलण्याची जास्त गरज आहे. त्याच्या बाजूने बघा. तो धडा वाचतोय, अर्ध्या ओळीवर आहे. पुढच्या क्षणी बाई समोर उभ्या आहेत, चिडलेल्या आहेत आणि वर्ग हसतोय. मधले दहा सेकंद त्याच्यासाठी घडलेलेच नाहीत. आपण काय चुकलो ते त्याला कळत नाही, म्हणून तो काही बोलतही नाही. अशी मुलं पुढे पुढे मोठ्याने वाचायलाच नकार देतात.

तुम्ही पाहिलेल्या त्या गप्प होण्याला डॉक्टर बहुधा 'ॲबसेन्स सीझर' म्हणतील. हा अपस्माराचाच एक प्रकार. मेंदूतल्या विजेच्या संदेशांमध्ये काही सेकंद गोंधळ होतो आणि तेवढा वेळ मुलाची शुद्ध हरपते. मूल पडत नाही, ओरडत नाही. पाच-दहा सेकंद, फार तर वीस. साधारण चार ते बारा या वयात सुरू होतो आणि दिवसातून कितीतरी वेळा येऊ शकतो. घरी, शेतावर, भावंडांच्या गलक्यात तो कुणाच्या लक्षात येत नाही. तो दिसतो वर्गात, कारण मूल सलग काही वाचतंय आणि कुणीतरी ऐकतंय, असं तिथेच होतं.

स्वप्नात हरवलेलं मूल आणि हे मूल, यांतला फरक तुम्ही ओळखू शकता. खिडकीबाहेर बघत बसलेल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला की ते दचकून भानावर येतं. सीझरमधलं मूल येत नाही. कंटाळलेलं मूल कंटाळवाण्या तासाला हरवतं, हे मूल शब्दाच्या मध्यावर थांबतं, खेळतानाही आणि हातात घास असतानाही. पापण्या फडफडतात, कधी ओठ चाळवल्यासारखे हलतात. मग काहीच झालं नाही अशा थाटात ते पुढचा शब्द वाचायला लागतं. डी.एड.ला हे तुम्हाला कुणी शिकवलं नाही. जे कधी सांगितलंच नाही ते न ओळखल्याबद्दल रात्र रात्र जागू नका.

आणि 'मी डॉक्टर नाही' असं तुम्ही लिहिलंय, त्यावर मला माझी एक गोष्ट सांगायची आहे.

मी नवीन बालरोगतज्ज्ञ होते. एका तालुक्याच्या गावी शाळा तपासणीला गेले होते, एका दिवसात दोनशेच्या आसपास मुलं. सहावीतल्या एका मुलीला तिच्या बाई हाताला धरून माझ्यासमोर घेऊन आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, ही प्रत्येक तासाला पाणी प्यायला जाते आणि प्रत्येक तासाला लघवीला. आणि दिवाळीत शिवलेला फ्रॉक तिला आता ढगळ होतोय." मार्च महिना होता, पत्र्याची शाळा, घामाने मी स्वतःच भिजले होते. मी म्हणाले, "ऊन वाढलंय बाई, पिऊ द्या पाणी." आणि पुढच्या मुलाला बोलावलं. नऊ दिवसांनी ती मुलगी बेशुद्ध अवस्थेत रुग्णालयात आली. टाइप १ मधुमेह. ती वाचली, पण तिच्या आईला त्या रात्री जे भोगावं लागलं ते मी टाळू शकले असते. तहान, वारंवार लघवी आणि उतरणारं वजन, तिन्ही खुणा त्या बाईंनी माझ्या हातात आणून ठेवल्या होत्या. त्यांना मधुमेह हा शब्द सुचला नव्हता आणि सुचायची गरजही नव्हती. ते काम माझं होतं.

तेव्हापासून शाळेत गेले की मी आधी बाईंना विचारते, मग मुलांना तपासते. मी एका मुलाला तीन मिनिटं बघते. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस आणि ८०० तास ठरवले आहेत. म्हणजे तुम्ही त्या मुलाला ८०० तास बघता, तेही त्याच्याच वयाच्या इतर मुलांच्या शेजारी बसवून. ही संधी कुठल्याच डॉक्टरला मिळत नाही. आजाराचं नाव सांगणं तुमच्याकडे नाही. 'हे मूल आधी असं नव्हतं' एवढं तुम्ही सांगायचं.

आता झटक्याबद्दल. पुन्हा आला तर पहिली गोष्ट, घड्याळ बघा. घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्न 'किती वेळ?' हाच असतो. आजूबाजूचे बाक, दप्तरं, दगड बाजूला करा. डोक्याखाली ओढणीची घडी ठेवा. गळ्याचं बटण सैल करा आणि त्याला एका कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल, श्वासनलिकेत जाणार नाही. हातपाय दाबून धरू नका. तोंडात काहीही घालू नका, चमचा नको, बोट नको, पाणी नको. जीभ गिळली जाते ही भीती खोटी आहे. त्या दिवशी ओठातून आलेलं रक्त कदाचित त्या चमच्यामुळेच असेल. चमच्याने दात तुटतात, तुकडा घशात अडकू शकतो.

चप्पल, कांदा, लोखंडाची किल्ली याने झटका थांबत नाही. बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत आपसूक थांबतात आणि साधारण तेवढाच वेळ चप्पल शोधून आणायला लागतो, म्हणून चपलेचा गुण आला असं लोकांना वाटतं. हे गावकऱ्यांना सांगताना त्यांना हिणवू नका. त्या दिवशी जे धावून आले ते त्याला वाचवायलाच आले होते. पुढच्या वेळी त्यांच्याच हातांची मदत लागणार आहे.

झटका थांबल्यावर मूल गुंगीत असतं, थोडा वेळ ओळखीचं माणूसही ओळखत नाही. चड्डी ओली झाली असेल तर पटकन काहीतरी पांघरा. शाळेत एक जादा चड्डी ठेवाच. झटक्यातलं त्याला काही आठवत नाही, पण शुद्धीवर आल्यावर सगळे आपल्या ओल्या चड्डीकडे बघत होते, हे तो आयुष्यभर विसरत नाही. पूर्ण जाग येईपर्यंत कुशीवरच ठेवा, जवळ बसा, खायला-प्यायला देऊ नका.

पाच मिनिटं झाली आणि झटका थांबला नाही, किंवा मध्ये शुद्ध न येता दुसरा आला, किंवा डोक्याला मार लागला, तर १०८. तुमच्या भागात डोंगरात रेंज नसते आणि रुग्णवाहिका चढून यायला वेळ लागतो. म्हणून हे आजच ठरवा, फोन कुठल्या टेकाडावरून लागतो, जीप कुणाची, निरोप कोण नेणार. मुलाच्या डॉक्टरांना विचारा की लांबलेला झटका थांबवण्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा याला देता येईल का. देता येत असेल तर किती आणि कधी, हे डॉक्टरांनी सहीनिशी कागदावर लिहून द्यावं आणि फवारा मारायचा कसा, ते तुम्हाला आणि आईवडिलांना दाखवावं. तो कागद कपाटात आतून चिकटवा. तुमच्या जोडीदार शिक्षकांनाही हे सगळं माहीत हवं, कारण झटका तुमच्या रजेच्या दिवशीही येईल.

एक विचारते. त्या दिवशी ते दृश्य बाकीच्या ३६ मुलांनीही पाहिलं. त्यांना नंतर कुणी काही सांगितलं का?

बहुधा नाही. आणि ज्या गोष्टीबद्दल मोठी माणसं बोलत नाहीत तिच्याबद्दल मुलं आपली आपण कथा रचतात. घरी जाऊन त्यांनी काय सांगितलं असेल, ते त्या दोन पालकांच्या बोलण्यात तुम्हाला ऐकू आलंच. आधी त्याच्या आईवडिलांना विचारा, मग त्यालाही विचारा, "वर्गाला सांगू का?" हो म्हणाले तर सोप्या शब्दांत सांगा, मुलांच्या घरच्या भाषेत सांगता आलं तर अजून चांगलं. मेंदू हा शरीराचा मालक आहे, त्याच्या मेंदूत मधूनच विजेचा लपंडाव होतो, औषधाने तो कमी होतो. शिवल्याने, उष्टं खाल्ल्याने, लाळेने हे कुणाला होत नाही. मग कामं वाटून द्या. एकाने घड्याळ बघायचं, एकीने सरांना बोलवायचं, दोघांनी बाक सरकवायचे, बाकीच्यांनी गर्दी करायची नाही. काम मिळालेलं मूल घाबरत नाही. मी अशा एका वर्गात गेले होते. 'घड्याळवाली' मुलगी मला दाराशीच भेटली आणि म्हणाली, "मागच्या वेळी एक मिनिट चाळीस सेकंद." कुठल्याच मोठ्या माणसाने मला झटक्याची इतकी नेमकी वेळ सांगितलेली नाही.

त्या दोन पालकांकडे घरी जा. पालकसभेत हा विषय काढू नका, तिथे माणूस माघार घेत नाही. आणि त्याची जागा हलवू नका. त्याला एकटं बसवलं तर वर्गाला तुम्ही सांगितलेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा ते जास्त पटेल. भिंतीकडेला, तुमच्या नजरेसमोर, शेजारी नेहमीचा मित्र. खेळू द्या, धावू द्या. झाडावर चढणं, विहिरीत आणि नदीत एकट्याने उतरणं, चुलीजवळ एकट्याने बसणं, एवढं मात्र टाळायचं. औषध सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे तो पेंगेल. तेही लिहून ठेवा, डॉक्टर मात्रा बघतील. घरचे भगताकडे जाऊन आले तर त्यावरून भांडू नका. दोरा बांधला असला तरी चालेल, औषधाची एकही वेळ चुकता कामा नये, असं सांगा. मनाने औषध बंद केलं की झटके उसळून येतात. औषध बरेचदा निदान दोन वर्षं झटक्याशिवाय गेल्यावरच हळूहळू कमी करतात, तेही डॉक्टरांनीच.

आता बाकीची ३६. मोबाइल नको, ॲप नको, एक शंभर पानी वही घ्या आणि शनिवारी शाळा सुटताना दहा मिनिटं तिच्यात लिहा. तुमच्याकडे दोन वर्ग, पोषण आहार, ऑनलाइन माहिती आणि वर कुठलं ना कुठलं सर्वेक्षण असतं, मला ठाऊक आहे. म्हणूनच दहा मिनिटं म्हणाले. वहीत आजाराचं नाव कधीच लिहायचं नाही. तारीख, तास आणि दिसलं ते.

'फळ्यावरचं उतरवताना शेजारच्या वहीत बघतो. तोंडी गणितं सगळी बरोबर.' ही नोंद वाचताच मी त्याला सहा मीटरवर लावलेल्या तक्त्यासमोर उभं करीन. 'ढ' ठरलेल्या किती मुलांना फक्त चष्मा हवा होता, याचा हिशोब मी ठेवला नाही याचं मला दुःख आहे. ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी असतात, शालेय मुलांना सरकारी कार्यक्रमातून चष्मा मोफत मिळतो. 'मागून हाक मारली की वळत नाही, कानात कापूस आहे' म्हणजे पावसाळ्यापासून कान वाहतोय आणि ऐकू कमी येतंय. 'खडू खाते, दुपारी डोकं टेकून बसते' म्हणजे बहुधा रक्त कमी आहे.

तुमच्या जिल्ह्यात एक नोंद मी सगळ्यात आधी वाचीन: 'थंडीत हातपाय दुखतात म्हणून रडली, डोळे पिवळसर, महिन्यातून चार दिवस गैरहजर.' नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट या पट्ट्यात सिकलसेल घरोघरी माहीत असतो, तरी शाळेत ते मूल 'कामचुकार' म्हणून ओळखलं जातं. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि कळा येतात. थंडी, ताप, पाणी कमी पडणं, अंग मोडून जाईल असे श्रम, यांनी त्या वाढतात. अशा मुलाला वर्गात बाटली जवळ ठेवू द्या, लघवीला विचारल्याशिवाय जाऊ द्या, थंडीच्या सकाळी परिपाठाला उन्हात आणि स्वेटर घालून उभं करा. ताप आला, छातीत दुखलं किंवा दम लागला तर त्याच दिवशी दवाखाना. २०२३ च्या जुलैपासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे आणि तिच्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते, तेव्हा घरातल्या सगळ्यांनाच पाठवता येईल.

अंगावर वळ, अचानक आलेलं गप्पपण, एखाद्या माणसाला बघून दचकणं, हेही वहीत येईल कधीतरी. तेव्हा खोदून खोदून विचारू नका. मूल जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहा आणि मुलांसाठीच्या मदतीच्या फोनवर, १०९८ ला कळवा. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारकच आहे, तिथे गावाचं नाव, शाळेचं नाव असा विचार करायचा नाही.

वही कपाटात, कुलपात. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुठल्याही मुलाचं नाव आणि त्याचा त्रास कधीही टाकू नका. स्वतःच्या पर्समधली गोळी कुणाला देऊ नका. आणि पालकांशी बोलताना 'तुमच्या मुलीला अमुक आजार असेल' असं न म्हणता 'मला या महिन्यात हे चार वेळा दिसलं, घरी काही जाणवतं का?' असं विचारा. आजाराचं नाव ऐकलं की माणूस नाकारायला लागतो. असं विचारलं की आठवायला लागतो.

ही वही दाखवायची कुणाला? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला. २०१३ च्या फेब्रुवारीत हा कार्यक्रम आपल्याच पालघरमधून सुरू झाला. दोन डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता यांचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं आणि गरज असेल त्यांना पुढे जिल्हा रुग्णालयापर्यंत पाठवतं. पथक आलं की मुलांची रांग लावण्याआधी डॉक्टरांसमोर वही उघडा आणि म्हणा, आधी या सहा मुलांना बघा. घाईत असतील, तरी म्हणा. माझ्यासारखं कुणी 'ऊन वाढलंय' म्हणालं तर पुन्हा म्हणा. आणि वाढती तहान, दम, झटका, वजन उतरणं असं काही असेल तर पथकाची वाट बघायची नाही, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र.

शेवटचं, आणि यात दिरंगाई नको. दिवाळी झाली की तुमच्याकडची बरीच घरं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. या मुलाचे आईवडील जाणार आहेत का, हे आत्ताच विचारून ठेवा. तो मागे राहणार असेल तर हंगामी वसतिगृहात रात्री औषध देणारं माणूस कोण, त्याचं नाव ठरवा आणि झटक्यात काय करायचं ते त्यालाही शिकवा. तो बरोबर जाणार असेल तर निघण्याआधी जिल्हा रुग्णालयात एक फेरी करून जास्तीत जास्त दिवसांचं औषध मागून घ्या आणि केस पेपरची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातात द्या. औषधाचं नाव, मात्रा आणि वेळा गुजरातीतही लिहून द्या, तिथल्या दुकानदाराला वाचता येईल. आणि आई भेटेल तेव्हा तिला एवढं विचाराच, जेवताना त्याचा घास कधी हातातच राहतो का? ती काय सांगते ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

तुमची,
डॉक्टरताई